मारतहळ्ळीत अडकलेली शर्यत

मारतहळ्ळी हे नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा मला वाटलं, ही आपल्याच कुणा मराठा सरदाराची छावणी असणार. शहाजीराजांची जहागीर बेंगळूरला होती, त्यामुळे आपल्या माणसाचा कान तसाच धावतो. तिथले लोक मात्र वेगळं सांगतात. हळ्ळी म्हणजे गाव, आणि नाव आलं ‘मारुत’वरून. एचएएलच्या कारखान्यात, धावपट्टीच्या पलीकडेच, बनलेलं आपलं पहिलं लढाऊ जेट.

माझी तिथली पोस्टिंग २००८ ते २०१०. मेहुणा मारतहळ्ळीत एका कंपनीत नोकरीला. त्याच्या फ्लॅटवर प्लेस्टेशन ३ होतं. ज्या जुन्या साहेब लोकांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो : टीव्हीला जोडून खेळायचा डबा, हातात बटणांचा कंट्रोलर. आमचा मुलगा तेव्हा १२ वर्षांचा. रविवारी लंगरचं जेवण टाकून आम्ही बापलेक मामाकडे. तिथं ‘ग्रॅन टुरिस्मो ५ प्रोलॉग’ नावाचा मोटारशर्यतीचा खेळ होता. प्रोलॉग म्हणजे ट्रेलरच म्हणा. थोड्या गाड्या, थोडे रस्ते, आणि ‘खरा खेळ येतोय’ असा वायदा. हे ट्रेलर जपानात डिसेंबर २००७ मध्ये आलं. खरा खेळ यायला पुढची जवळजवळ तीन वर्षं गेली.

या मालिकेचा इतिहास मला पोरानंच शिकवला. करता-करविता काझुनोरी यामाउची, कंपनी पॉलिफोनी डिजिटल, मालक सोनी. पहिला खेळ डिसेंबर १९९७ मध्ये आला, तोच मुळी पाच वर्षांच्या मेहनतीनंतर. दुसरा मात्र घाईत, १९९९ च्या नाताळाला गाठायचा म्हणून काढला. त्या घाईचं फळ असं, की अमेरिकेत विकलेल्या पहिल्या डिस्कवर खेळ पुरा करायला गेलं तर आकडा ९८.२ टक्क्यांवर अडकायचा. १०० टक्के होणारच नाहीत! जाहीर केलेला ड्रॅग रेसिंगचा भागही गाळलेला होता. माझ्या मते यामाउचींच्या मनात तिथंच गाठ बसली असावी. त्यानंतर या माणसानं घाई केलेली नाही. चौथा खेळ २००३ चा २००४ अखेरीला गेला, मधल्या वेळी लोकांना एक प्रोलॉग चघळायला दिला, आणि इंटरनेटवरून खेळायची जी सोय कबूल केली होती तीच शेवटी काढून टाकली. हातात धरायच्या पीएसपीवरचा खेळ २००४ मध्ये जाहीर झाला आणि ऑक्टोबर २००९ मध्ये आला. पाच वर्षं! तेवढ्यात जवान भरती होऊन नायक होतो.

पाचव्याची कथा तर तारखांवर तारखांची. सप्टेंबर २००९ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात सांगितलं : जपानात मार्च २०१०. जानेवारीत कळलं, मार्च रद्द. जूनमध्ये लॉस एंजेलिसला नवी तारीख : २ नोव्हेंबर. आमच्या पोरानं कॅलेंडरवर लाल गोल केला. मेहुण्यानं एका दुकानात ५०० रुपये ॲडव्हान्स भरला. (ते पैसे नंतर बुडाले, दुकानही गेलं. असो.) मे महिन्यात स्वतः यामाउची साहेब जर्मनीत नुर्बुर्गरिंगच्या २४ तासांच्या शर्यतीत खरी गाडी चालवत होते. बातमी वाचून पोरगं भडकलं, “पप्पा, आमचा खेळ कोण बनवतंय मग?” मी म्हणालो, अरे, तोफखान्याच्या माणसानं तोफ स्वतः डागून बघायलाच हवी. त्याला ते पटलं नाही. याच काळात शेजारच्या कंपनीचं ‘फोर्झा’ २००५, २००७ आणि २००९ असं तीनदा बाजारात येऊन गेलं होतं, हे त्याचं हुकमी उत्तर.

मी त्याला मारुतची गोष्ट सांगितली ती अशाच एका रविवारी. कुर्ट टँक हा जर्मन विमानतज्ज्ञ १९५६ मध्ये बेंगळूरला आला. पाच वर्षांत, १७ जून १९६१ ला, सुरंजन दास यांनी मारुत आकाशात नेलं. पाच वर्षं म्हणजे विमानाच्या हिशेबात झटपट. पण सांगाडा आवाजाच्या दुप्पट वेगाच्या तयारीनं आखलेला, आणि त्याला लागणारं ऑर्फियस १२ इंजिन इंग्रजांनी अर्ध्यावर सोडलं. खर्चाचा भार आपणही उचलला नाही. मग कमी ताकदीचं ऑर्फियस ७०३ बसवून काम चालवलं. इजिप्तच्या इंजिनाचाही प्रयोग झाला, तोही फसला. १० जानेवारी १९७० ला जास्त ताकदीच्या इंजिनाची चाचणी घेताना ग्रुप कॅप्टन दास गेले. तरी १९७१ ला राजस्थानच्या आघाडीवर याच मारुतनं जमिनीवरच्या माऱ्याचं काम चोख केलं. वैमानिक त्या विमानाला नावं ठेवत नाहीत, इंजिनाला ठेवतात.

पोरगं ऐकून म्हणालं, “म्हणजे तारीख पाळली, पण इंजिन नव्हतं?” हो, अगदी तसंच. त्या वेळी डोक्यावरून तेजसची चाचणी उड्डाणं चालायची. तो प्रकल्प १९८३ चा, पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१. खेळाला सहा वर्षं लागली म्हणून रडणाऱ्याला मी वर बोट दाखवायचो.

पण खरं सांगतो, मीही रडत होतो, फक्त आवाज न करता. ऑगस्टमध्ये माझी फील्डची ऑर्डर आली होती. ऑक्टोबर अखेर हजर. २ नोव्हेंबरला मी नसणार हे ठरलेलंच होतं, तरी कंपनी कमांडर साहेबांकडे आठ दिवस जास्त मागावेत का, असा विचार मनात येऊन गेला. कारण काय लिहिणार? ‘मुलासोबत मोटारशर्यत’? अर्ज लिहिलाच नाही. ऑक्टोबरच्या मध्यात बातमी आली, २ नोव्हेंबरही रद्द. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. उशीर माझ्या एकट्याच्या वाट्याला नव्हता तर!

खेळ आला २४ नोव्हेंबर २०१० ला. मी तेव्हा वर बर्फात, फोन आठवड्यातून एकदा. पोरानं पहिलं वाक्य काय बोलावं? “पप्पा, हजारावर गाड्या आहेत, पण बऱ्याच जुन्याच!” बरोबर होतं त्याचं. नव्यानं बारकाईनं बनवलेल्या गाड्या साधारण दोनशे. बाकीच्या आठशेच्या आसपास मागच्या खेळांतून आणलेल्या, त्यांना आतलं डॅशबोर्डसुद्धा नाही. एवढ्या वर्षांनी बहुतेक माल जुना निघाला, तर चिडायचा हक्क कुणालाही आहे. पण पाऊस, रात्र, नुर्बुर्गरिंगचं जंगल... हे सांगताना त्याचा आवाज बदलला. तीन मिनिटांच्या कॉलमधली दोन मिनिटं त्यातच गेली. घरचं विचारायचं राहून गेलं.

मालिकेची खोड पुढेही गेली नाही. ‘स्पोर्ट’ २०१६ चा २०१७ मध्ये, सातवा २०२१ चा मार्च २०२२ मध्ये. इकडे तेजस मार्क १ए ची पहिली डिलिव्हरी मार्च २०२४ पर्यंत व्हायची होती. अमेरिकेहून इंजिनं वेळेत आली नाहीत. पुन्हा इंजिनच.

मला रजा मिळाली एप्रिल २०११ मध्ये. बेंगळूरला उतरलो, बॅग मेहुण्याच्या दारात ठेवली, आंघोळही केली नाही. पोरानं मला एक साधी जपानी गाडी दिली, स्वतः फेरारी घेतली. पहिल्याच वळणावर मी भिंतीत. तो पुढं जाऊन थांबला आणि म्हणाला, “पप्पा, या, मी थांबतो.”