सोंग बोलत नाही

मोखाड्याचा बोहाडा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिशीत होतो. टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर एकेक सोंग रस्त्याने नाचत येत होते. मुखवट्याआडून शब्द येत नव्हता. तरी शेजारचे पोर पावले पाहूनच कोणते सोंग आले ते सांगत होते. त्या रात्री मी वहीत लिहिले : ‘भाषेपूर्वीच्या माणसाचा अवशेष.’ हा लेख म्हणजे त्या वाक्याची दुरुस्ती.

बोललेल्या शब्दाचा जीवाश्म होत नाही, म्हणून भाषेचा उगम शोधणे अवघड. पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाने तर १८६६ मध्ये या विषयावरचे निबंध घेणेच बंद केले. पुढे १९९१ मध्ये कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ मर्लिन डोनाल्ड यांनी मांडले, की भाषेआधी अभिनयाची पायरी होती : घडलेली गोष्ट अंगाने पुन्हा करून दाखवायची, चुकलेली हालचाल घोटून सुधारायची. प्रवरेकाठी नेवाशाजवळ चिरकी येथे सापडलेल्या अश्मयुगीन हातकुऱ्हाडी पाहिल्या की हे पटू लागते. दगडाला कुठे, किती जोराने टोला द्यायचा, हे सांगण्यापेक्षा करून दाखवणेच सोपे.

इथवर माझी वही बरोबर होती. चूक ‘अवशेष’ या शब्दात होती. सोंग बोलत का नाही, असे मी एका म्हाताऱ्या नाचणाऱ्याला विचारले. तो हसला. मुखवटा चढला की आपण आपण नसतो, मग आपल्या तोंडाने बोलायचे कसे, असे त्याने मलाच विचारले. मुखवटा उतरल्यावर पहाटेपर्यंत त्याच्या गप्पा संपल्या नाहीत.

मोरोक्कोतील जेबेल इर्हूद येथे मिळालेली आपल्या मानवजातीची हाडे सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीची आहेत. तो वारसा आपणा सर्वांचा सारखाच. वारली, कोकणा, कातकरी बोली प्रमाण मराठीहून ‘आदिम’ नाहीत. लिपी नसणे म्हणजे व्याकरण नसणे नव्हे. आणि अभिनयाची पायरीही कुणाची मागे सुटलेली नाही. फोनवर बोलताना, समोर कुणी नसतानाही, आपले हात हलतातच.

तालुक्यातल्या एका शाळेत पहिलीतली मुलगी महिनाभर बोलली नाही. शेरा पडला, ‘मंद’. तीच मुलगी घरी धाकट्या भावाला वाघाची गोष्ट सांगताना मी पाहिली. बोली तिची, पंजे तिचे, डरकाळीही तिचीच. तो शेरा आणि माझ्या वहीतले वाक्य, दोन्हींत चूक एकच होती : समोरच्याच्या गप्प राहण्याला आम्ही भाषेचा अभाव समजलो.