काळोखाचे पैसे

मामाला टीव्ही घ्यायचा होता. राजारामपुरीतल्या एका दुकानात आम्ही दोघं उभे होतो. भिंतीवर एकाला एक चिकटून दहा-बारा पडदे, आणि सगळ्यांवर तीच ती चित्रफीत: पोपट, लाव्हा, मधाची धार, पुन्हा पोपट. दुकानातल्या पोरानं आम्हाला शेवटच्या पडद्यापाशी नेलं आणि म्हणाला, "सर, हा ओएलईडी. ह्याचं ब्लॅक बघा." मामानं बघितलं. मग किमतीची चिठ्ठी बघितली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "म्हणजे लाखाच्या वर जे द्यायचे, ते काळ्याचे?"

पोरगं हसलं, पण प्रश्न एकदम बरोबर होता. ओएलईडीचे पैसे काळोखाचेच असतात. आणि हा प्रश्न कोल्हापुरात विचारला गेला याची मला त्याहून गंमत वाटली. चित्रात काळोख कसा आणायचा, यावर या गावानं शंभर वर्षांपूर्वी डोकं खपवलं आहे.

आधी काळोखाचं तांत्रिक गणित उरकू. साध्या एलईडी टीव्हीत, म्हणजे खरं तर एलसीडीत, पडद्याच्या मागे दिवे सतत पेटलेले असतात आणि पुढे लाखो बारीक झडपा असतात. काळं दाखवायचं म्हणजे झडप बंद करायची. पण दाराच्या फटीतून उजेड यावा तसा तो येतोच, म्हणून रात्री दिवे घालवल्यावर त्या टीव्हीवरचं आकाश राखाडी दिसतं. ओएलईडीत मागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. काळं म्हणजे विझलेला ठिपका, बस. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्याचा पडदा बहुधा ओएलईडीच असेल. रात्री खोलीत अंधार करून फोनवर पूर्ण काळं चित्र उघडून बघा. फोन कुठं संपतो आणि अंधार कुठं सुरू होतो ते कळलं नाही, तर तुमच्या खिशात ती वस्तू आधीच आहे.

आता मागे जाऊ. १९१० च्या दशकात कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे चुलतभाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. राजवाडे, बागा, रस्ते, जंगलं. पेंटर हे नाव त्यांना त्या कामानं चिकटलं. रंगवलेल्या पडद्यावर सावली म्हणजे रंगाचा फटकारा. ती कुठं पडावी हे रंगवणारा ठरवतो. हलती चित्रं बघितल्यावर दोघांना कॅमेरा हवा झाला, आणि विकत घेणं जमण्यासारखं नव्हतं म्हणून त्यांनी तो स्वतःच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, तानीबाई कागलकर या गायिकेनं तिला पैसा दिला, आणि पुढच्या वर्षी विष्णुपंत दामल्यांच्या साथीनं देशी कॅमेरा तयार झाला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा जो स्तंभ आहे, त्याच्या बाजूनं आपण रोज गाडी काढतो. तो याच इतिहासाचा.

त्या काळी चित्रीकरण म्हणजे ऊन. ढग आला की काम थांबलं. सूर्य सगळ्यांवर सारखाच पडतो, म्हणून सुरुवातीच्या मूकपटांत राजा, भिंत आणि झाड एकाच उजेडात उभे दिसतात. १९२० चा 'सैरंध्री' गाजला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला, की त्या दृश्यावर सेन्सॉरची कात्री चालली. पण आपल्या कामाचा खरा टप्पा १९२३ चा 'सिंहगड'. हरि नारायण आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरचा हा मूकपट. गोष्ट तानाजीची, आणि तानाजी गड चढला तो रात्री. भर उन्हात रात्र कशी दाखवणार? बाबूरावांनी कृत्रिम दिवे लावले. भारतीय चित्रपटात ते पहिल्यांदाच वापरले गेले असं मानलं जातं. मला त्यात 'पहिल्यांदा'पेक्षा वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. दिवा हातात आला की जिथं तो लावायचा नाही ती जागाही तुमच्या हातात येते. नाटकाच्या पडद्यावर ब्रशनं टाकलेली सावली इथं खऱ्या अर्थानं फिल्मवर उतरू शकली.

दोन वर्षांनी 'सावकारी पाश' आला. सावकारानं जमीन गिळलेला शेतकरी, आणि त्या भूमिकेत तरुण शांताराम. मग शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर हे कंपनीतून बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्ण्यांच्या भांडवलावर १९२९ मध्ये कोल्हापुरातच 'प्रभात' सुरू झाली. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हा त्यांचा पहिला बोलपट, गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांचा. पुढच्या वर्षी प्रभातनं पुण्याला बिऱ्हाड हलवलं.

त्याच १९३३ मधला एक किस्सा टीव्ही घेणाऱ्यानं लक्षात ठेवावा. शांतारामांनी 'सैरंध्री' पुन्हा काढला, या वेळी रंगीत. प्रती छापायला थेट जर्मनी गाठली. एवढा खटाटोप केला, पण रंग मनासारखे उतरले नाहीत, भडक झाले. प्रभातनं लगेच पुढचं काम काळ्यापांढऱ्यात सुरू केलं. दुकानातले पोपट मला म्हणूनच खटकत होते. दुकानात प्रत्येक टीव्ही 'व्हिव्हिड' नावाच्या मोडमध्ये असतो, कारण ट्यूबलाइटच्या झगमगाटात शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसायचं असतं. घरी आणून तोच मोड ठेवला, तर नव्वद वर्षांपूर्वी जर्मनीत जे झालं ते तुमच्या दिवाणखान्यात रोज रात्री होईल. सेटिंगमध्ये 'फिल्ममेकर' किंवा 'सिनेमा' मोड शोधा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट आणि मंद वाटेल. तिसऱ्या दिवशी व्हिव्हिडकडे परत बघवणार नाही.

थिएटरातला पडदा किती उजळ असतो माहितीये? प्रमाण मानलेला आकडा आहे ४८ निट्स. आजचे बरेच फोन उन्हात हजाराच्या पुढं जातात. आणि तरी थिएटरात चित्र भरून वाटतं, कारण सभोवताली अंधार असतो. थिएटर आधी अंधार विकत असे, सिनेमा नंतर.

घरी टीव्ही आला तेव्हा नेमका हा अंधार हरवला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, १९८२ मध्ये देशात रंगीत प्रक्षेपण आलं. आईच्या आठवणीतला टीव्ही म्हणजे लाकडी शटरची पेटी, गच्चीवर अँटेना फिरवणारा एक भाऊ, आणि खिडकीतून "मुंग्या गेल्या का?" असा आरडाओरडा. रंगीत टीव्ही परवडत नसे त्या घरांत काचेवर रंगीत प्लॅस्टिकचा कागद लावायचे, वर निळा, खाली हिरवा. मग बातम्या देणाऱ्या बाईचं कपाळ निळं आणि पदर हिरवा. त्या काचेचा 'काळा' म्हणजे बंद टीव्हीचा रंग, करडा-हिरवट. उजेड असलेल्या खोलीत, गल्लीतली वीस माणसं जमिनीवर बसलेली असताना, त्याहून काळं मिळणं शक्य नव्हतं, आणि कुणाला हवंही नव्हतं. जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं तेव्हा लोक काय बघायला जमत होते हे सांगायला नको.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरात अमेरिकेत दोघांचा एक शोधनिबंध छापून आला: चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक. टँग आधी कार्बनी पदार्थांचे सौरघट बनवण्याच्या मागे होते, म्हणजे प्रकाशातून वीज. इथं उलट झालं. केसापेक्षाही कितीतरी पातळ अशा दोन कार्बनी थरांतून थोड्याच दाबाची वीज सोडली आणि ते उजळले. ओएलईडीचा जन्म हा. आणि दोघं नोकरीला कुठं होते? कोडॅकमध्ये. जगभरच्या सिनेमाला फिल्म पुरवणाऱ्या कंपनीत. फिल्मचा धंदा बसला, आणि २००९ च्या अखेरीस कोडॅकनं आपला ओएलईडीचा विभाग एलजीला विकायचं ठरवलं. त्याआधी २००७ मध्ये सोनीनं ११ इंचांचा पहिला ओएलईडी टीव्ही काढला होता, खेळण्याएवढा. ५५ इंची टीव्ही दुकानात यायला २०१३ उजाडलं.

मामाला हे सगळं मी दुकानात सांगितलं नाही. त्याला तीनच गोष्टी विचारायच्या होत्या, आणि त्या कुणीही विचाराव्यात.

पहिली: आपल्या घरात हा शोभेल का? मामाच्या हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी आहे. दुपारी ऊन थेट भिंतीवर. ओएलईडीचा पूर्ण पडदा एकदम पांढरा झाला, की तो चांगल्या एलसीडीइतका उजळ राहात नाही, आणि दिवसभर क्रिकेट लावून ठेवणाऱ्या उन्हाच्या घरात काळोखाचे पैसे वाया जातात. त्यातही ओएलईडीच्या दोन जाती आहेत. एकीत पांढरा उजेड रंगीत गाळणीतून जातो. दुसरी, २०२२ पासूनची क्यूडी-ओएलईडी, निळ्या उजेडातून लाल-हिरवा तयार करते. तिचे रंग जास्त भरदार, पण खोलीत उजेड असला की तिचा काळा जांभळट राखाडी दिसू लागतो. मामाला मी म्हटलं, आधी जाड पडदा शिवून घे, मग टीव्ही. मामी म्हणाली, ती हे दहा वर्षं सांगतेय.

दुसरी: डाग पडतो म्हणतात, ते खरं का? खरं आहे, पण तेवढं नाही. हे कार्बनी पदार्थ वापरानं झिजतात, निळा सगळ्यात लवकर. एकच गोष्ट एकाच जागी तासन्‌तास पेटलेली राहिली तर तिथले ठिपके आधी म्हातारे होतात. आपल्याकडे याचं नाव मराठी न्यूज चॅनेल. खालची लाल पट्टी, कोपऱ्यातला लोगो, सकाळी सहापासून रात्री जेवणापर्यंत. ज्या घरात बातम्या पंख्यासारख्या चालू असतात, त्या घरानं हा टीव्ही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीच्यांनी एक करावं. टीव्ही रिमोटनं बंद केल्यावर तो स्टँडबायमध्ये ठिपक्यांची झीज मोजून स्वतःला सारखं करून घेतो. म्हणून भिंतीवरचं बटण लगेच बंद करू नये. रात्री सगळी बटणं बंद करून झोपणाऱ्या पिढीला हे पटवणं ओएलईडीच्या शोधापेक्षा अवघड आहे.

तिसरी: फुटबॉल कसा दिसेल? वर्ल्डकपला चौकाचौकात अर्जेंटिना आणि ब्राझीलचे फलक लागतात अशा गावातला हा प्रश्न आहे, हसू नका. फारच छान दिसतो. ठिपका क्षणात पेटतो-विझतो, म्हणून चेंडूमागे शेपूट राहात नाही. उलट याचाच सिनेमात त्रास होतो. सेकंदाला चोवीसच चित्रं असलेला सिनेमा इथं हळू सरकत्या दृश्यात अडखळल्यासारखा दिसतो. मग लोक 'मोशन स्मूदिंग' पूर्ण वाढवतात आणि 'सैराट'ची मालिका होऊन जाते. ते बंद ठेवा, फार तर अगदी कमीवर.

टीव्ही आला. पडदाही शिवून झाला. पहिल्या रात्री पोरांनी अवकाशातला एक इंग्रजी सिनेमा लावला. काळ्या आकाशात यान तरंगत होतं आणि टीव्हीची चौकट दिसत नव्हती. मामा गप्प बसून होता. पैसे वसूल झाल्याची ती शांतता मला ओळखू येते. मग तो म्हणाला, "आता आपला लाव की. कोल्हापूरचा."

इथं पंचाईत झाली. १९२० चा 'सैरंध्री' नाही. 'सिंहगड' नाही, ज्या रात्रीसाठी बाबूरावांनी दिवे लावले ती रात्र आज कुठल्याच पडद्यावर दिसत नाही. मूक 'सावकारी पाश' नाही. ती फिल्म नायट्रेटची, जपली नाही तर सडणारी आणि ठिणगीला पेटणारी. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळला. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठारालाच आग लागली. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या कामातलं 'मुरलीवाला'सारखं थोडकंच उरलं आहे.

'अयोध्येचा राजा' मात्र आहे. मी तो इंटरनेटवरून लावला. कॉपीची कॉपी, कधीतरी व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेली असावी. ६५ इंचांवर दुर्गा खोटेंचा चेहरा पिठात बुडवल्यासारखा दिसत होता. जिथं सावली असायला हवी तिथं राखाडी चौकोन थरथरत होते. साध्या टीव्हीवर हे खपून गेलं असतं. इथं ठिपका विझायला तयार होता, पण विझ असं त्याला सांगणारं त्या प्रतीत काही उरलं नव्हतं. मामा पुढं वाकून बघत राहिला. हरिश्चंद्राच्या गोष्टीत स्मशान येणारच. ते आलं तेव्हा त्यानं विचारलं, "ही रात्र आहे की दिवस?"

"रात्र."

"मग काळं का नाही?"

मी त्याला जुन्या प्रती नीट स्कॅन करून दुरुस्त करतात त्याबद्दल सांगू लागलो. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात असं काम चालतं, कधीतरी याचीही चांगली प्रत येईल वगैरे. तो ऐकत होता की नाही कळलं नाही. सिनेमा संपेपर्यंत मात्र उठला नाही. मग पोरांना हाक मारली, दाराची कडी बघितली, आणि सवयीनं भिंतीवरचं बटण खटकन बंद करून झोपायला गेला. मी उठून ते पुन्हा चालू केलं.