काडीचा टाका

आमच्या वर्ध्याकडे लग्न ठरलं की आजी आधी पत्रावळींच्या मागे लागायची. उन्हाळ्यात पळसाला नवी पानं आली की ती खुडून आणायची, एकावर एक अर्धवट ठेवून बारीक काडीने टाचायची. टाका शिरेजवळ घ्यायचा, नाहीतर पान फाटून वरण खालून गळतं. वाळलेले गठ्ठे दगडाखाली दाबून ठेवायचे. पंगतीआधी पाणी शिंपडलं की पानं पुन्हा मऊ. उष्ट्या पत्रावळी उकिरड्यावर जायच्या. गाई चघळायच्या, उरलेल्यांचं खत व्हायचं.

मग चंदेरी कागदाच्या पत्रावळी आल्या, थर्माकोलही आलं. मार्च २०१८ मध्ये राज्याने थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली आणि सगळे कागदाकडे वळले. मला मात्र कागद हे नावच खटकतं. जेवण झाल्यावर अशी एक प्लेट मी रात्रभर पाण्यात ठेवली. सकाळी लगदा सुटला आणि हातात प्लॅस्टिकचा पातळ, अखंड पापुद्रा आला. आमटी झिरपू नये म्हणून लावलेला. त्याच्यावरच आपण कढत भात वाढतो! वर्तमानपत्रात भजी बांधणंही तितकंच वाईट; शाई तेलात उतरते, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच त्याविरुद्ध बजावलं होतं.

भाचीच्या लग्नात मी पळसाचीच पत्रावळ हवी म्हणून हट्ट धरला. आली ती यंत्रावर दाबलेली. उलटून पाहिली, तर पाठीला पुठ्ठा होता आणि टाके नायलॉनच्या दोऱ्याचे.