शाळेतला खाडा



इतिहासावर बोलण्यासाठी व्याख्यानमालेच्या चालकांनी मला उभे केले, तेव्हा मी त्यांना म्हटले की मी काही प्राध्यापक नव्हे. माझे आयुष्य हमाल आणि ऊसतोडणी मजूर यांच्या संघटनेत गेले. जे वाचले ते एस.टी.त आणि युनियनच्या कचेरीत वाचले. तथापि एका विषयाची कागदपत्रे मी तीस वर्षे चाळीत आलो आहे. तो विषय म्हणजे हजेरी. कारखान्यात मस्टर असते, शाळेत हजेरीपट असतो. कामगार आला नाही म्हणजे आपण म्हणतो, आज त्याचा खाडा पडला. शाळेत न गेलेल्या पोराबद्दलही आमच्या वस्तीत हाच शब्द वापरतात. कामगाराच्या खाड्याने एका दिवसाची मजुरी बुडते. पोराचे खाडे साठत गेले तर दहावीच्या परीक्षेला बसणेच बुडते. म्हणून ह्या शाळेतल्या खाड्याचा इतिहास, आपल्या सातारा-सांगलीपुरता का होईना, आज सांगावयाचा आहे.

मॅट्रिक हा शब्द आपल्याकडे आला तो मुंबई विद्यापीठाबरोबर. विद्यापीठ १८५७ साली निघाले आणि १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली. त्या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. पुढे १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली तीही त्यांच्याच पुढाकाराने; तेव्हा आज आपण येथे बसलो आहोत हेही त्या पहिल्या मॅट्रिकवाल्यांचे थोडेसे ऋण आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मॅट्रिक ही मुळात विद्यापीठात शिरण्याची परीक्षा होती. शाळा संपविल्याचा दाखला म्हणून ती निघालेली नव्हती. पुढे सरकारी नोकरीसाठी तोच कागद मागू लागले आणि दरवाजाची चौकट हीच घराची किंमत होऊन बसली. १९४८ साली मुंबई प्रांतात माध्यमिक शालान्त परीक्षेसाठी स्वतंत्र मंडळ झाले, १९७५ साली अकरावीची परीक्षा दहावीवर आली. पण खेड्यातला माणूस आजही ‘पोरगं मॅट्रिक झालं’ असेच म्हणतो.

आता शाळेकडे वळू. शेतकऱ्याचे पोर शाळेत का येत नाही, हा प्रश्न सरकारपुढे रोखठोक मांडणारा पहिला माणूस आपल्याच मातीतला. जोतीराव फुल्यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातील कटगुणचे. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. त्यात त्यांनी सांगितले की शेतकरी शाळेपासून दूर राहतो तो दारिद्र्यामुळे, आणि गुरे राखावयास व शेत सांभाळावयास त्याला पोरे लागतात म्हणून. त्यांनी दोन गोष्टी एकदम मागितल्या. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा; आणि त्याबरोबरच ह्या मुलांना शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्या. सक्ती आणि आधार ही जोडी होती. पुढच्या राज्यकर्त्यांनी ती जोडी फोडली, आणि बहुतेक ठिकाणी सक्ती तेवढी उचलली.

बडोद्याच्या सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सर्व राज्यात सक्तीचे शिक्षण सुरू केले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली मोठ्या कौन्सिलात तसे विधेयक आणले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचा आणि मोफत शिक्षणाचा कायदा केला व मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यातही हजेरीचा हुकूम आणि दंड आहेच. ह्या थोर पुरुषांचा हेतू निर्मळ होता, ह्यात शंका नाही. शाहू महाराजांनी तर कायद्याच्या आधीपासूनच जातीजातींची वसतिगृहे उभारली होती. परंतु नुसत्या दंडाचे गणित आम्हा मजुरांना चांगले कळते. पोराच्या राबण्याने घरात दंडापेक्षा जास्त येत असेल, तर गरीब बाप एक तर दंड भरील नाही तर शिपायाला चुकवील. पोर शेतावरच राहील.

आणि शाळेत नाव घातले म्हणजे पोर शाळेत आले असेही नव्हे. साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव पटावर चढले. त्या मुलाला वर्गात इतरांपासून वेगळे बसावे लागे आणि पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नसे. पुढे १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून तो मॅट्रिक झाला. ज्या मुलाला रोज अपमान गिळून हजर राहावे लागते, त्याच्या हजेरीची किंमत कोणत्या पटावर लिहिली जाते? आणि असा अपमान न गिळता जी पोरे घरी राहिली, त्यांचे खाडे कोणाच्या नावावर मांडावयाचे? वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे शाळेत गेले ते दीड दिवस. पुढे त्यांनी ‘फकिरा’ लिहिली. त्यांचे नाव घेऊन पुष्कळ लोक आम्हाला सांगतात की शाळेवाचून काही अडत नाही. त्यांना माझे इतकेच सांगणे आहे, की अण्णा भाऊ एक झाले. दीड दिवसाची शाळा शिकलेली बाकीची माणसे मी पाठीवर पोते घेऊन वाकलेली पाहिली आहेत.

फुल्यांची फुटलेली जोडी पुन्हा जोडली ती भाऊराव पाटलांनी. ते स्वतः मॅट्रिक झालेले नव्हते. किर्लोस्करांचे नांगर विकत ते ह्या भागात गावोगाव हिंडले, आणि हिंडता हिंडता त्यांनी पाहिले की शाळा गावापासून दूर, खाणावळीला पैसे नाहीत, म्हणून पोर चौथीनंतर गुरांमागे जाते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली. तेथे सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले. वसतिगृह चालविताना अडचण आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासुद्धा, मोडावयास दिले, हे साताऱ्यात लहान पोरालाही ठाऊक आहे.

१९४० साली त्यांनी साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल काढले. तेथे मुले राहत, शेतात व बांधकामावर राबत, आणि त्या श्रमावर शिकत. कमवा आणि शिका ही ती योजना. संघटनेचा माणूस म्हणून मला तिचे मर्म असे दिसते, की भाऊरावांनी मुलाचे काम शाळेच्या अंगणात आणले. बापाच्या घरी काम आणि शाळा एकमेकांच्या आड येत होती; येथे कामाचा तास ठरलेला, अभ्यासाचा तास ठरलेला, आणि भाकरी निश्चित. त्या शाळेला सक्तीचा कायदा करणाऱ्या सयाजीरावांचे नाव आहे. पण तेथे पोर टिकले ते भाकरीने आणि अंथरुणाने. दंडाला त्या शाळेत जागाच नव्हती.

आणखी एक खाडा सांगतो, तो अभिमानाचा. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातील यशवंतराव चव्हाण नावाचा विद्यार्थी १९३२ साली शाळेच्या आवारात झेंडा लावल्याबद्दल पकडला गेला आणि त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर तो पुन्हा अभ्यासाला बसला व १९३४ साली मॅट्रिक झाला. तेव्हा त्याचे खाडे मोजून कोणी दार लावले असते, तर? हाच विद्यार्थी पुढे महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला.

आता माझे सांगतो, थोडक्यात. मी दहावीत असताना, १९८६ च्या हिवाळ्यात, माझे वडील हळदीच्या पोत्याखाली पडले आणि त्यांची पाठ धरली. टोळीतली त्यांची जागा जाऊ नये म्हणून दोन महिने मी पोती वाहिली. पुन्हा शाळेत गेलो तेव्हा दिवस भरत नाहीत म्हणून मला परीक्षेला बसू दिले नाही. शिक्षक वाईट नव्हते. नियमावर बोट ठेवून ते म्हणाले, ‘बाळ, पंचाहत्तर टक्के लागतात.’ दोन महिने मी कोठे होतो हे मात्र कोणी विचारले नाही. दोन वर्षांनी मी बाहेरून बसलो; गणित आणि इंग्रजी राहिले, ते ऑक्टोबरात काढले. त्या गुणपत्रिकेची घडी आजही माझ्या पेटीत आहे.

ह्यावरून मी हजेरीचा नियम मोडा असे म्हणणार, अशी कोणाची समजूत होईल. तसे नाही. मस्टर नसते तर मालकाने आमची मजुरी केव्हाच गिळली असती. तसा हजेरीपट नसेल तर शाळेने पोराला विसरणे सोपे होईल. माझी तक्रार वेगळी आहे. मस्टरवर खाडे वाढले की आम्ही विचारतो, अपघात झाला का, आजार आहे का, रजा शिल्लक आहे का. पोराच्या खाड्याला असे विचारणारा कोणी नाही. खाडा घराचा, गावाचा, हंगामाचा. आणि शिक्षा मात्र एकट्या पोराला.

आपल्या दोन जिल्ह्यांत हे आज कोठे दिसते? उसाच्या फडात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बीड, नगरकडून, आणि आपल्याच जतसारख्या दुष्काळी तालुक्यांतून टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता, मजुरी टनावर. पहाटे ती दोघे फडात गेली की मागे खोपीवर धाकटी भावंडे सांभाळावयाला थोरली मुलगी राहते. सुटका होते मार्च-एप्रिलात, म्हणजे दहावीची परीक्षा होऊन जाते तेव्हा. हिशेब करून पाहा. शाळेचे दोनशे दिवस धरले, तर पंचाहत्तर टक्क्यांसाठी दीडशे भरले पाहिजेत, सूट पन्नासाची. हंगामात शाळेचे जवळजवळ शंभर दिवस जातात. ही मुलगी कितीही हुशार असो, जूनमध्ये शाळेत नाव घालतानाच ती ह्या हिशेबात नापास झालेली असते.

ह्यावर काही झालेच नाही असे नाही. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या, त्या प्रामुख्याने प्राथमिक वर्गांच्या. २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला. पण तो चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत सोबत करतो आणि नववीच्या उंबरठ्यावर पोराचा हात सोडतो. २०२१ साली शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना काढली, आणि हे भाऊरावांच्या वाटेवरचे पाऊल आहे. मुलगी गावाकडे वसतिगृहात राहिली तर तिचे दिवस भरतात. इतकी साधी ही गोष्ट आहे.

शेवटी कबुलीची गोष्ट. तीस वर्षांत मी दराच्या कितीतरी वाटाघाटींना बसलो. तोडणीचा दर मागितला, वाहतुकीचा मागितला, विमा मागितला. पोरांच्या शाळेची ओळ आमच्या मागणीपत्रात मी एकदाही लिहिली नाही. मला स्वतःला दिवस कमी पडले म्हणून अडवले होते, तरी सुचले नाही. एकदा एका खोपीत करारावर अंगठे घेताना पत्र्याच्या पेटीवर दहावीची पुस्तके दिसली. कोणाची म्हणून विचारले. पोरगी म्हणाली, ‘माझी हायती. पण आता कुठं बसाय मिळतंय?’ माझ्या हातात करार होता आणि त्यात तिच्यासाठी एक शब्द नव्हता.

म्हणून माझी सूचना अशी. उचल देतानाच त्या कुटुंबातील शाळकरी मुलांची यादी करावी, आणि आठवीपुढच्या मुलाची राहण्याची सोय गावाकडे झाल्यावाचून टोळी हलवू नये. ही अट कारखान्याने घालावी, मुकादमाने पाळावी आणि संघटनेने तपासावी. आणि शाळेने खाड्याच्या पुढे कारण लिहावे, म्हणजे दिवस कमी पडले तर बोलावयाचे कोणाशी हे कळेल. फुल्यांनी १८८२ साली जे मागितले त्यातला राहिलेला अर्धा भाग एवढाच आहे. येत्या हंगामाच्या मागणीपत्रात पहिली ओळ तीच असेल, हे मी आपल्यासमोर सांगून ठेवतो. ती मी विसरलो, तर पुढच्या वसंतात मला येथे उभे करून विचारा.