जपानी काष्ठमुद्राचित्रांतील स्त्रिया आणि ऋतूंचे सण

जपानी काष्ठमुद्राचित्रांत, म्हणजेच उकियो-ए परंपरेत, स्त्रिया बहुधा ऋतूंच्या संगतीने येतात : वसंतात बाहुल्यांची आरास व साकुराचा बहर, पुढे तानाबाताच्या सणाला बांबूवर बांधलेल्या इच्छापत्रिका. तोयोहारा चिकानोबू (१८३८–१९१२) याच्या ‘चियोदा नो ओओकू’ (१८९४–९६) या चित्रमालिकेत एदो किल्ल्यातील शोगूनच्या अंतःपुराचे सणवार आहेत. ते अंतःपुर मात्र १८६८ मध्येच मोडले होते.

बाहुल्यांचा सण पूर्वी तिसऱ्या चांद्रमासाच्या तिसऱ्या दिवशी, पीच फुलण्याच्या सुमारास येई; पुष्कळदा आपली चैत्रगौर बसते त्याच दिवसांत. १ जानेवारी १८७३ पासून जपानने ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली आणि हा सण ३ मार्चला गेला. तेव्हा तोक्योत पीच सहसा फुललेला नसतो. चिकानोबूच्या चित्रांत मात्र जुन्या पंचांगाचे वर्ष तसेच राहिले.

कॉव्हेंट्रीसारख्या शहरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू सुट्टीच्या वारी करावे लागते. कैरीची डाळ आणि पन्हे एप्रिलच्या गारठ्यात द्यावे लागते. तिथी बदलूनही सण टिकतो. तो मुळात कोणत्या ऋतूचा, हे येथे वाढणाऱ्या मुलांना कळावे, म्हणून त्याची नोंद आपणच करून ठेवली पाहिजे.