सलीम अलींची वही आणि आंबेनळीचा पाऊस

सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत ‘भारताचे पक्षीपुरुष कोण?’ असं विचारलं, की आमच्या उर्दू शाळेतली लहान मुलंही ‘डॉ. सलीम अली’ म्हणून ओरडतात. आपल्यातलं नाव, म्हणून पालकही खूश होतात. पण या माणसाने नेमकं केलं काय, हे फारसं कुणी सांगत नाही. शिक्षक म्हणून मला तोच भाग महत्त्वाचा वाटतो.

१८९६ साली मुंबईत जन्मलेले सलीम लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारत. खेतवाडीच्या घरी तबेल्यात चिमणीचं घरटं होतं. राखण करणारा नर त्यांनी टिपला, तर थोड्या वेळात मादीपाशी दुसरा नर हजर! सात दिवसांत असे आठ नर पडले. नऊ-दहा वर्षांच्या या पोराने ते लिहून ठेवलं. साठेक वर्षांनी ती नोंद छापून आली. पुढे एकदा गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी हाती लागली. ही खायला चालते का, अशी शंका आली. मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी चिठ्ठी देऊन त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे पाठवलं आणि पक्ष्यांचं दालन उघडलं.

निसर्गाची माया नंतर आली. आधी प्रश्न पडला आणि तो वहीत उतरवायची सवय लागली.

१९३० मध्ये ते जर्मनीहून शिकून परतले, तेव्हा नोकरी नव्हती. खर्च परवडेना, म्हणून पत्नी तहमीना यांच्यासह ते आपल्याच जिल्ह्यातल्या किहीमला राहिले. तिथे पावसाळाभर त्यांनी सुगरणीची घरटी पाहिली. नर घरटं अर्धं विणतो, मादीने पसंत केलं तरच पुरं करतो. ती अंड्यांवर बसली, की हा दुसरं घरटं विणून दुसरी मादी शोधतो. हे कळायला वही आणि भरपूर धीर पुरला.

शाळेत आपण उलट करतो. पर्यावरण दिनाला ‘झाडे लावा, झाडे जगवा’चा फलक आणि निबंध. मूल निसर्गप्रेम लिहितं, कारण त्याला गुण असतात. केरळातल्या अनेक शाळांमध्ये मात्र ‘सीझनवॉच’ उपक्रमातली मुलं ठरलेलं एकच झाड दर आठवड्याला पाहतात आणि पालवी, फुलं, फळं नोंदवतात. यालाच नागरिक विज्ञान म्हणतात. ज्याने आंब्याच्या मोहोराची तारीख स्वतः लिहिली, त्याला त्या आंब्यावर कुऱ्हाड पडलेली सहज खपत नाही. मात्र आपल्या नोंदीचं पुढे काय झालं, हे मुलांना कळायला हवं. नाहीतर ती गृहपाठाची आणखी एक वही.

आंबेनळी घाटाखालच्या मुलांसाठी हा नुसता छंद नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळिये, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथे दरडी कोसळल्या. २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत घाटमाथ्यावर महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ५९४ लिटर पाणी. हा हिशेब मुलांना फळ्यावर मांडून दिला, की वर्गात शांतता पसरते.

पाऊस मोजायला सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवायचा आणि रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्याच वेळेला, आतलं पाणी पट्टीने मोजायचं. घाटात एका वाडीचा पाऊस दुसऱ्या वाडीला लागू होत नाही, आणि शाळा तर वाडीवाडीवर आहेत. दरड कधी येईल, ते डबा सांगणार नाही. पण चार पावसाळे नोंदी ठेवलेल्या मुलीला आजचा आकडा नेहमीचा नाही, हे कळेल. ती घरी म्हणेल, “अब्बा, आज रात्री इथे थांबायला नको.” त्या घरात तिचं ऐकलं जाईल, इतकी पत तिच्या वहीला यावी.