गलबताचा लेप

सव हें महाडजवळील सावित्रीकांठचें गांव तेथील उन्हाळ्यांसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु सावित्री ही एके काळीं या मुलुखाची हमरस्त्यासारखी वाट होती. बाणकोटच्या मुखांतून शिरलेलीं गलबतें भरतीच्या पाण्यावर दासगांव-महाडपर्यंत चढत आणि घाटावरून उतरलेला माल घेऊन परतत. १७५६ च्या तहांत इंग्रजांनीं बाणकोट मराठ्यांकडून पदरांत पाडून घेतलें, यावरून त्या मुखाची किंमत कळून येते.

वादळ आणि चांचे यांच्या कथा सर्वांस ठाऊक असतात. गलबतें बुडविणारा तिसरा शत्रु मात्र डोळ्यांस दिसत नसे. त्यास किडा म्हणण्याची चाल आहे. वस्तुतः तो शिंपल्याच्या कुळांतला प्राणी. अगदीं बारीक असतांना तो लांकडांत शिरतो आणि आंतच वाढतो. त्यामुळें फळी बाहेरून धड दिसे, आणि आंतून तिची चाळण झालेली असे. १७३१ च्या सुमारास हॉलंडांतील समुद्रबांधांचे लांकडी खांब यानेंच पोखरले व सारा देश हवालदील झाला. गोड्या पाण्यांत मात्र तो फार काळ तगत नाहीं. पावसाळ्यांत खाडीच्या वरच्या टोंकास नदी जें संरक्षण फुकट देई, तें बाणकोटच्या खाऱ्या पाण्यांत मनुष्यास हातानें चोपडावें लागे.

हें चोपडण्याचें काम दिसतें तितकें सोपें नव्हे. उधाणाच्या भरतीस गलबत कांठावर चढवावें, ओहोटीनें तें कोरडें पडलें कीं तळाचे शिंपले व शेवाळ खरवडून काढावें, सांध्यांत तेलांत भिजविलेला कापूस ठोकावा, आणि मग माशाचें तेल, राळ, चुना यांचा लेप द्यावा. ओल्या लांकडावर तेल धरत नाहीं. तेव्हां पुढच्या भरतीची घाई एकीकडे आणि फळी सुकण्याची वाट दुसरीकडे, अशा कात्रींत तांडेल सांपडे. घाई करणाऱ्याचा लेप थोड्याच दिवसांत सुटे. पाण्यावरच्या भागास पुढें बेलतेलांत कालविलेला शेंदूर आला. देवास लावतात तोच, शिशाचा.

इंग्रजी आरमारानें निराळी वाट धरली. १७६१ मध्यें ‘अलार्म’ जहाजाच्या तळास तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनीं पाहतां लांकूड शाबूत, परंतु तांब्याच्या संगतीनें लोखंडी खिळे गंजून गेलेले! पुढें खिळेहि तांबेमिश्रित धातूचे झाले. मुंबईच्या गोदींत वाडियांनीं सागवानांत बांधलेलें ‘त्रिंकोमली’ १८१७ मध्यें पाण्यांत उतरलें. तें इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्याप तरंगत आहे. तांबें किंचित् विरघळतें, म्हणूनच तें राखण करतें. जो लेप कांहींच सोडीत नाहीं, त्यावर शिंपले खुशाल बसतात. तळाच्या रंगांत टिकाऊपणा आणि उपयोग यांचें असें हाडवैर आहे.

विसाव्या शतकांत कथिलाचें एक संयुग रंगांत घालूं लागले. तें इतकें जालीम ठरलें कीं फ्रान्सच्या आर्काशों उपसागरांतील कालवांचीं पिलें जगेनाशीं झालीं आणि कवचें वेडींवांकडीं वाढूं लागलीं. कोंकणच्या खाड्यांत ओहोटीच्या वेळीं बायका खडकांवरचीं कालवें फोडतात. त्यांच्या पोटाशीं असल्या विषाचा संबंध किती निकट, हें सांगावयास नको. फ्रान्सनें १९८२ मध्यें लहान नौकांवर त्यास बंदी केली, आणि २००८ मध्यें आंतरराष्ट्रीय करारानें तें सर्वत्र निषिद्ध झालें. त्याच्या जागीं बहुतेक डब्यांत पुन्हां तांबेंच आलें.